अ‍ॅडमिरल्टीची अस्वले कोणत्या कुळातली?

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यालगत अ‍ॅडमिरल्टी, बारानॉफ आणि चिचागॉफ ही बेटे आहेत. तिथली अस्वले दिसायला तपकिरीच. पण त्यांचे कूळ ठरवताना शास्त्रज्ञांचे मत वेळोवेळी फिरत आले.

पहिला निवाडा कवट्यांवरून झाला. अमेरिकेचे प्राणिशास्त्रज्ञ क्लिंटन हार्ट मेरियम कवट्या-दातांतला बारीकसा फरकही सोडत नसत. १९१८ साली त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या ग्रिझली आणि तपकिरी अस्वलांच्या ऐंशीहून अधिक जाती-उपजाती मांडल्या. एकट्या अ‍ॅडमिरल्टी बेटावर पाच! रॉडरिक मॅकफार्लेन यांनी १८६४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेतून मिळवलेल्या एका पिवळट अस्वलालाही त्यांनी वेगळी जात बहाल केली. पुढे ही सगळी नावे मोडीत निघाली आणि लिनियसने १७५८ मध्ये नोंदवलेल्या ‘उर्सस आर्क्टोस’ या एकाच जातीत साऱ्यांची रवानगी झाली.

प्रश्न मिटला असे वाटत होते.

१९९६ मध्ये सँड्रा टॅलबॉट आणि जेराल्ड शील्ड्स यांनी अलास्कातल्या अस्वलांचा मायटोकाँड्रियातला डीएनए तपासला. हा डीएनए फक्त आईकडून पिल्लांकडे येतो. त्यावरून पाहिले, तर या तीन बेटांवरची अस्वले शेजारच्या मुख्य भूमीवरच्या तपकिरी अस्वलांपेक्षा ध्रुवीय अस्वलांना जवळची निघाली. मग ध्रुवीय अस्वले यांच्याच पूर्वजांपासून निपजली, अशी मांडणी पुढे आली.

ती उलटली २०१३ मध्ये. जेम्स केहिल, बेथ शपीरो आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण जनुकसंच वाचला. बेटावरच्या अस्वलांत ध्रुवीय वारसा एकूण सुमारे १ टक्का, पण एक्स गुणसूत्रावर मात्र सुमारे ६.५ टक्के आढळला. मादीत दोन एक्स असतात, नरात एकच. म्हणजे हा वारसा माद्यांकडून आला होता. त्यांच्या मते, हिमयुग सरताना बर्फ मागे हटला आणि काही ध्रुवीय अस्वले बेटांवर अडकली. तपकिरी माद्या सहसा जन्मस्थळाच्या आसपासच राहतात, नर मात्र दूरवर भटकतात. मुख्य भूमीवरचे तपकिरी नर पिढ्यान्‌पिढ्या पोहून येत राहिले. रंग-रूप बापांचे झाले, मायटोकाँड्रिया मात्र मूळ आयांचाच राहिला.

आजचे संकर याहून वेगळे आहेत. २००६ मध्ये कॅनडाच्या बँक्स बेटावर एका शिकाऱ्याने अस्वल मारले: फर मळकट पांढरी, पाठीवर वशिंड, नख्या लांब. परवाना ध्रुवीय अस्वलाचा, ग्रिझलीचा नव्हे. त्यामुळे शिकार कायदेशीर की नाही, हेही डीएनएवरच ठरणार होते. आई ध्रुवीय, बाप ग्रिझली निघाला. पुढे याच्यासह असे एकूण आठ संकर नोंदले गेले. २०१७ च्या अभ्यासात त्या सर्वांचा वंश एकाच ध्रुवीय मादीपाशी पोचला. दोन ग्रिझली नरांशी तिचा संबंध आला होता. चार पिल्ले तिची, उरलेली चार तिच्या एका संकरित मुलीची. २०२४ मध्ये ८१९ अस्वलांच्या नमुन्यांची छाननी झाली, तेव्हा या आठांपलीकडे एकही नवा संकर सापडला नाही.