यादीत नसलेला ताप

२०२० सालची होळी आठवतेय? ९ मार्चचा दिवस. त्या रात्री बातमी आली की महाराष्ट्रातले पहिले दोन कोरोना रुग्ण पुण्यात सापडले. दोघं दुबई फिरून १ मार्चला परतले होते. आता गंमत बघा. त्या तारखेला आपल्या विमानतळांवर तपासणी होत होती ती ठरावीक देशांहून येणाऱ्यांची: चीन, जपान, दक्षिण कोरिया, इराण, इटली वगैरे. दुबई त्या यादीत नव्हतीच. सगळ्याच परदेशी विमानांची तपासणी करायचा निर्णय आला ४ मार्चला. अर्थात, तपासणी झाली असती तरी ताप नसलेल्या माणसाला ती बंदूक काय पकडणार, हा भाग वेगळा.

मला त्या यादीबद्दल बोलायचंय. साथ सुरू असताना परदेशातून येणारा माणूस किती धोक्याचा, हे ठरवायचं कसं? बहुतेक वेळा आपण ठरवतच नाही. आपल्या वतीने एखादी यादी ठरवते. आणि याची सगळ्यात भयंकर गोष्ट घडलीय आपल्यापासून हजारो किलोमीटरवर, प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर. साल १९१८.

त्या वर्षीचा इन्फ्लुएंझा आपल्याला अनोळखी नाही. १० जून १९१८ ला मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले, त्यातला एक गोदीवर तैनातीला होता. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली आणि भारतात किमान सव्वा कोटी माणसं गेली असा अंदाज आहे, काही जण दोन कोटींच्या जवळ जातात. पहिलं महायुद्ध संपत आलेलं, जगभर सैनिकांच्या बोटी फिरतायत, आणि बोटींबरोबर ताप फिरतोय.

आता सामोआ. ही बेटं एकाच लोकांची, एकच भाषा, आपसात सोयरिकी. पण मालक दोन. पश्चिमेकडची बेटं आधी जर्मनीची होती, ती १९१४ च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडच्या सैन्याने घेतली. तिथला प्रशासक लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट लोगन, बंदर आपिया. पूर्वेकडची बेटं अमेरिकी नौदलाच्या ताब्यात. तिथला गव्हर्नर कमांडर जॉन मार्टिन पोयर, बंदर पागो पागो. मधला समुद्र शंभर किलोमीटरसुद्धा नाही.

३० ऑक्टोबर १९१८ ला न्यूझीलंडच्या ऑकलंडहून ‘टालून’ नावाची बोट निघाली. प्रवासी आणि माल नेणारी, नेहमीच्या फेरीवरची. ऑकलंडमध्ये तेव्हा साथ पेटलेली. तरी बोटीला आरोग्याचा दाखला मिळाला, आणि तोही स्वच्छ! लाच दिली का? खोटा होता का? नाही. नियमाप्रमाणे बरोबर होता. कारण न्यूझीलंडमध्ये इन्फ्लुएंझा हा सरकारला कळवायलाच हवा अशा आजारांत धरला गेला ६ नोव्हेंबरला. बोट तर आठवडाभर आधीच सुटलेली. म्हणजे ऑकलंडमध्ये माणसं तापाने फणफणतायत आणि कागद म्हणतोय, कळवण्याजोगा आजार नाही. दोन्ही एकाच वेळी खरं.

वाटेत फिजीचं सुवा बंदर लागलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी बोट क्वारंटाइनमध्ये ठेवली. शाबास म्हणावं, तर पुढचं ऐका. धडधाकट दिसणाऱ्या फिजीच्या प्रवाशांना उतरू दिलं. तपासणी काय, तर डोळ्यांनी बघून. परिणाम व्हायचा तोच झाला, फिजीतही हजारो माणसं मेली. अर्धवट लावलेलं दार.

७ नोव्हेंबरला टालून आपियाला पोहोचली. बोटीवर आजारी माणसं होती. आपियाच्या बंदरावर कुणी क्वारंटाइन लावलं नाही. सुवात काय झालं ते तिथल्या डॉक्टरला कळलं नाही. न्यूझीलंडहून साधा इशारा आला नव्हता, आणि हे लक्षात घ्या, आपियात तेव्हा रेडिओ केंद्र होतं. एक निरोप पुरला असता. आजारी प्रवासीसुद्धा धक्क्यावर उतरले, आपापल्या गावी गेले, गावकऱ्यांनी रीतीप्रमाणे स्वागत केलं.

त्यानंतरचे काही आठवडे कसे गेले याच्या नोंदी वाचवत नाहीत. घरातले सगळे एकदम आडवे, त्यामुळे पाणी द्यायला, अन्न शिजवायला कुणी उठू शकत नाही. काही माणसं तापाने नाही, उपासमारीने गेली असणार. प्रेतं चटयांत गुंडाळून ट्रकवर घालायची आणि सामुदायिक खड्ड्यांत पुरायची. सामोअन समाजात मृत्यूचे विधी फार मोठे असतात, त्यातलं काहीच करता आलं नाही. मेले किती? नंतरचा अंदाज ८,५०० चा. म्हणजे लोकसंख्येच्या २२ टक्के. तुमच्या चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या माणसांची मनातल्या मनात मोजणी करा आणि प्रत्येक पाचातला एक पुसून टाका. त्यात गावांचे प्रमुख, ज्यांना ते ‘मताई’ म्हणतात, ते मोठ्या संख्येने गेले. गावाचा इतिहास, वंशावळी, जमिनीचे हक्क हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं.

आणि पूर्वेला, अमेरिकी सामोआत? शून्य. एकही मृत्यू नाही.

पोयरने काय केलं ते फार अवघड नव्हतं. रेडिओवरून जगातल्या साथीच्या बातम्या त्याच्या कानावर येत होत्या. त्या ऐकून त्याने बंदर बंद केलं. बाहेरून आलेल्यांना विलगीकरणात ठेवलं, आणि शेजारच्या बेटांवरून होड्या येऊ नयेत म्हणून गावकऱ्यांनीच किनाऱ्यावर पहारे दिले. लक्षात घ्या, इन्फ्लुएंझाचा विषाणू माणसात सापडला १९३३ साली. पोयरच्या वेळी डॉक्टर एका भलत्याच जिवाणूला दोष देत होते. लस नाही, औषध नाही, कारणसुद्धा माहीत नाही. त्याला एवढंच कळत होतं की हे बोटीतून येतं. त्याने यादी बघितली नाही, बातमी बघितली.

पण पोयरला हिरो करून लोगनला खलनायक ठरवणं मला थोडं सोपं वाटतं. पागो पागो हा नौदलाचा तळ. बंदराचा प्रमुख आणि बेटाचा प्रमुख एकच माणूस, आणि येणाऱ्या बोटी कमी. बंद करायला जड गेलं नाही. आपियाचं पोट मात्र खोबऱ्याच्या व्यापारावर आणि ऑकलंडहून येणाऱ्या मालावर. शिवाय ज्याला कुणी काही कळवलंच नाही, तो बोट अडवणार कशाच्या आधारावर?

इथपर्यंत मी लोगनची बाजू घेऊ शकतो. पुढे नाही. साथ पसरल्यावर पोयरने वैद्यकीय मदत देऊ केली. लोगनने ती घेतली नाही. उलट अमेरिकी बाजूने पश्चिम सामोआच्या टपालबोटीला क्वारंटाइन लावलं म्हणून चिडून पागो पागोशी रेडिओ संपर्क तोडल्याचं नोंदलेलं आहे. धोका ओळखता आला नाही, ही चूक एक वेळ समजू शकते. माणसं मरत असताना मानापमान? पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने प्रशासनाचा हलगर्जीपणा आणि चुकीचे निर्णय यांवर बोट ठेवलं. लोगन १९१९ च्या सुरुवातीला सामोआ सोडून गेला तो गेलाच.

लोक विसरले नाहीत. आम्हाला अमेरिकेच्या ताब्यात द्या, अशीही मागणी झाली. पुढे ‘माऊ’ ही अहिंसक स्वातंत्र्य चळवळ उभी राहिली, तिच्या रागाच्या मुळाशी १९१८ च्या कबरी होत्या. १९६२ मध्ये सामोआ स्वतंत्र झाला. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात जाऊन माफी मागितली ती २००२ साली. ८४ वर्षांनी.

आता परत यादीकडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून देश एकत्र बसून ठरवत होते की कुठल्या आजारासाठी बोट अडवायची. १९१२ च्या आंतरराष्ट्रीय करारात तीन नावं होती: कॉलरा, प्लेग, पीतज्वर. इन्फ्लुएंझा नव्हता, कारण तो सगळ्यांना होतो आणि बरा होतो, अशी समजूत. आणि यादी लहान ठेवण्यात व्यापाराचाही फायदा, प्रत्येक तापाला बोट अडवली तर धंदा कसा चालणार? हे कारण मूर्खपणाचं नाही, म्हणूनच ते इतकं टिकलं. किती? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासलं. पुढे यादीत नावं वाढली, कमी झाली, देवी गेली तशी तीही निघाली, आणि जून २००७ पर्यंत आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत सक्तीने कळवायचे आजार पुन्हा तेच तीन होते. कॉलरा, प्लेग, पीतज्वर! मधल्या काळात सार्स येऊन गेला, तेव्हा कुठे नियम बदलले. आता आजाराचं फक्त नाव विचारत नाहीत. घटना अनपेक्षित आहे का, गंभीर आहे का, सीमा ओलांडू शकते का, हे विचारतात.

नियम बदलले, रस्ता तोच राहिला. २०१९ मध्ये ऑकलंडमध्ये गोवरची साथ होती आणि गोवर सामोआत पोहोचला, या वेळी विमानाने. आदल्या वर्षी चुकीच्या पद्धतीने तयार केलेल्या लशीमुळे दोन बाळं दगावली होती, त्या भीतीने लसीकरण घसरलेलं. ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. डिसेंबरात सरकारने दोन दिवस देश बंद ठेवला आणि लस न घेतलेल्या घरांना दाराबाहेर लाल कापड लावायला सांगितलं, म्हणजे पथकांनी थेट तिथे जावं.

त्यानंतर तीनच महिन्यांत कोरोना. या खेपेला दोन्ही सामोआंनी दारं लावून घेतली, आणि गावागावात साथ पसरली ती थेट २०२२ मध्ये, हाताशी लस असताना. पण लावलेल्या दाराबाहेर आपलीच माणसं उभी होती. अमेरिकी सामोआचे शेकडो रहिवासी उपचारांसाठी किंवा कामासाठी हवाईला, अमेरिकेला गेलेले, ते तिथेच अडकले. त्यांना घरी आणणारं पहिलं विमान निघालं २०२१ च्या फेब्रुवारीत, जवळजवळ वर्षभराने.

तुमच्या घरातलं कुणी २०२० मध्ये आखातात, अमेरिकेत, कुठेही असं अडकलं होतं का? किंवा हातावर क्वारंटाइनचा शिक्का घेऊन मुंबई विमानतळावरून बाहेर पडलं होतं? तेव्हा कुणी काय विचारलं, काय तपासलं, आठवेल तसं लिहून पाठवा. पुढच्या भागात भेटू.