पाण्यात पडलेला पतंग

संक्रांतीच्या दिवसांत कोराडीच्या आकाशात, वीज केंद्राच्या उंच धुराड्यांच्या बाजूला, पतंग दिसू लागतात. ‘ओ काट!’ची आरोळी उठते आणि कटलेला पतंग हेलकावे खात वाऱ्याबरोबर निघून जातो. तो गच्चीवर किंवा झाडावर अडकला तर पोरे काठ्या घेऊन धावतात. तलावात पडला तर कुणी धावत नाही. भिजलेला पतंग पुन्हा उडत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून समुद्रावर धावण्याचा जो खेळ आज काइटसर्फिंग म्हणून ओळखला जातो, त्याचा इतिहास फार मोठा काळ नेमका याच अडचणीपाशी थांबून राहिला होता.

पतंगाला ओढ असते, हे माणसाला पूर्वीपासून माहीत होते. संत नामदेवांच्या ग्रंथसाहिबातील एका पदात कागदाची ‘गुडी’ उडवणारा मुलगा येतो. तो सवंगड्यांशी बोलत असतो, पण त्याचे चित्त दोरीवर असते. दोरीतून हाताला जाणवणारा तो ताण ध्यानाच्या दृष्टांताला पुरेसा होता. त्याच ताणाला कामाला जुंपावे, ही कल्पना मात्र वेगळ्या वाटेने आली.

अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन लहानपणी बोस्टनमध्ये एका तळ्याकाठी पतंग उडवत होता. पोहायची इच्छा झाली, पण पतंग सोडवेना. त्याने दोरीची काडी हातात धरली, पाण्यात उताणा पडला आणि पतंगाने त्याला अलगद पलीकडच्या काठाला नेले. कपडे त्याने आधीच एका मित्राकडे दिले होते; मित्र ते घेऊन काठाकाठाने चालत गेला. पुढे १७७३ च्या सुमारास ही आठवण एका पत्रात सांगताना फ्रँकलिनने लिहिले की, या रीतीने डोव्हरहून कॅलेपर्यंत इंग्लिश खाडीही ओलांडता येईल. अर्थात टपालाची बोटच बरी, हेही त्याने सांगून टाकले.

१८२६ मध्ये ब्रिस्टलचा शाळामास्तर जॉर्ज पोकॉक याने पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. दोन पतंग एकामागे एक आणि त्यांना वळवण्यासाठी चार दोर, अशी त्याची रचना होती. ही गाडी घोड्यांच्या टपालगाड्यांना मागे टाकत असे. त्या काळी इंग्लंडच्या रस्त्यांवरचा पथकर घोड्यांच्या संख्येवर ठरे. पोकॉकच्या गाडीला घोडाच नसल्याने कर कशावर लावायचा, हा प्रश्न नाकेदारांपुढे उभा राहिला. (क्रिकेटचा आद्य महापुरुष डब्ल्यू. जी. ग्रेस हा याच पोकॉकचा नातू, मुलीचा मुलगा.) नौकांनाही पतंग जोडावेत, असे पोकॉक सुचवत होता, पण नाविकांनी शीड सोडून पतंग स्वीकारला नाही. शीड डोलकाठीला बांधलेले असते. वारा पडला तरी ते जागेवरच राहते. पतंग मात्र वारा पडताच पाण्यात जातो, आणि कापड एकदा पाण्यात लोळले की भर समुद्रात ते उचलणार कोण?

फ्रँकलिनची कल्पना १९०३ च्या नोव्हेंबरात खरी झाली, तीही उलट दिशेने. सॅम्युअल कोडी हा मूळचा अमेरिकन रंगमंचीय कलावंत माणूस उचलून नेणारे प्रचंड पतंग बनवत असे आणि ते ब्रिटिश सैन्याने घ्यावेत म्हणून धडपडत असे. एका छोट्या घडीच्या नावेला पतंग जोडून, रात्रभराचा प्रवास करून, तो सुमारे तेरा तासांत कॅलेहून डोव्हरला पोहोचला. पण पुढच्याच महिन्यात राइट बंधूंचे विमान उडाले आणि पतंगांकडे पाहणाऱ्यांचे डोळे तिकडे वळले. कोडी स्वतःही विमानांकडे गेला. १९०८ मध्ये ब्रिटनमधले पहिले इंजिनाचे विमानोड्डाण त्यानेच केले आणि १९१३ मध्ये विमान अपघातातच तो मरण पावला.

उत्तर सापडले ते फ्रान्समध्ये. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये एका नव्या पतंगाचे पेटंट घेतले. वस्तू ऐकायला अगदी साधी: पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी. तिच्यामुळे पतंग पाण्यावर तरंगतो आणि पडल्यावरही त्याचा कमानदार आकार मोडत नाही. खेळाडू एका बाजूचा दोर खेचतो, पतंग टोकावर उभा राहतो, कापडात वारा शिरतो आणि पतंग पुन्हा आकाशात चढतो. त्याच सुमारास अमेरिकेत बिल आणि कोरी रोझलर या पितापुत्रांनी दुसरा तोडगा काढला होता. त्यांनी खेळाडूच्या हातातील दांडीलाच दोर गुंडाळण्याची सोय केली. पडलेला पतंग जवळ ओढून घ्यायचा आणि पुन्हा सोडायचा. नागपूरकरांच्या भाषेत, त्यांनी चक्रीच समुद्रावर नेली. युक्ती चांगली होती, तरी टिकली ती हवेची नळी.

मात्र लगेच नव्हे. विंडसर्फिंग तेव्हा भरात होते आणि त्या उद्योगाला पतंगात रस वाटला नाही. भावांनी अखेर स्वतःच पतंग बनवायला घेतले. १९९७ च्या सुमारास ते विक्रीला आले आणि हवाई बेटांवरील माउईच्या किनाऱ्यावरून खेळ जगभर पसरला. सुरुवातीच्या पतंगांची ओढ हवी तेव्हा तोडता येत नसे, आणि त्यापायी जीवही गेले. दोर क्षणात सुटणारा चाप आणि ओढ बरीच कमी करता येणारे नव्या आकाराचे पतंग नंतर आले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेयच्या समुद्रात पतंगांच्या शर्यती झाल्या. पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटुस आणि महिलांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज यांनी सुवर्णपदके जिंकली.

मराठी मुलखाजवळ हा खेळ पाहायचा तर उत्तर गोव्यात, मोरजी आणि आश्वे यांच्या किनाऱ्यांवर जावे लागते. तिथले वेळापत्रक कोकणच्या दर्यावर्दींना नवे वाटले नसते. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते याच फेऱ्यांवर बंदराबाहेर पडत आणि परतत. वारा पडलाच तर वल्ही असलेली गलबते गुराबांना ओढून नेत. पावसाळ्यात दर्या बंद असे आणि नारळी पौर्णिमेनंतर उघडे. आजचे पतंगही पावसाळ्याच्या खवळलेल्या समुद्रापासून दूरच राहतात आणि कोरड्या महिन्यांत, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर बाहेर पडतात.

सकाळी आश्वेच्या वाळूवर पतंग घडी करून पडलेले असतात. दुपारी लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की पंपाने नळ्यांत हवा भरली जाते. नवशिक्यांचे पतंग वारंवार पाण्यात आपटतात. मग एक दोर खेचला जातो, पतंग क्षणभर टोकावर थरथरतो आणि पाणी निथळत वर जातो.