विद्युत फ्लक्स : संकल्पनेची ऐतिहासिक जडणघडण आणि अध्यापन

प्रस्तावना
इयत्ता बारावीच्या स्थिरविद्युत या प्रकरणात विद्यार्थ्याची गाठ ‘विद्युत फ्लक्स’ या संकल्पनेशी पडते. लॅटिन ‘फ्लुक्सुस’ म्हणजे वाहणे. ‘अभिवाह’ हा संस्कृतोद्भव प्रतिशब्दही ‘वह्’ या धातूपासूनच बनलेला आहे. प्रत्यक्षात मात्र स्थिरविद्युत क्षेत्रात पृष्ठभागातून काहीही वाहत नाही. मग हे नाव का पडले? याचे उत्तर सूत्रात नसून इतिहासात आहे. तो इतिहास अध्यापनास कसा उपयोगी पडतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
कूलॉमने १७८५ मध्ये विद्युत बलाचा व्यस्त वर्गाचा नियम प्रयोगाने मांडला. त्यात प्रभारांमधील अवकाशाला स्थान नव्हते. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेल्या आणि उच्च गणिताचे शिक्षण नसलेल्या मायकेल फॅराडेने तो अवकाश बलरेषांनी भरला. वाहण्याची भाषा मात्र उष्णतेच्या अभ्यासातून आली. फूरियेने १८२२ च्या ग्रंथात पृष्ठभागातून वाहणाऱ्या उष्णतेचे गणित मांडले होते. तेच गणित स्थिरविद्युतेलाही लागू पडते, हे विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) याने १८४२ मध्ये दाखविले. मॅक्सवेलने १८५५-५६ च्या निबंधात फॅराडेच्या बलरेषांना असंपीड्य द्रवाच्या प्रवाहाची उपमा दिली. हा द्रव निव्वळ काल्पनिक आहे, असेही त्याने तेथेच बजावले. गाऊसने १८३५ मध्ये सिद्ध केलेला नियम त्याच्या मृत्यूनंतर, १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठ्यपुस्तकांत पुढे नाव टिकले. मॅक्सवेलचा इशारा मात्र बहुधा गळाला.

अध्यापनातील उपयोग
मोताळा तालुक्यातील विद्यार्थ्याला नळगंगा प्रकल्प परिचित आहे. कालव्यात एक चौकट प्रवाहाला आडवी धरली तर तिच्यातून सर्वाधिक पाणी जाते, तिरपी धरली तर कमी आणि प्रवाहाला समांतर धरली तर मुळीच नाही. ‘कॉस थीटा’चा अर्थ एवढाच आहे. आता चौकटीऐवजी जाळीची बंद पेटी बुडवावी. जेवढे पाणी आत शिरते तेवढेच बाहेर पडते. निव्वळ प्रवाह शून्य. म्हणून कालवा कोरडा आहे असे कोणी म्हणत नाही. तद्वत, निव्वळ फ्लक्स शून्य असला तरी क्षेत्र शून्य असतेच असे नाही. पेटीत झरा असेल तरच बाहेर पडणारे पाणी अधिक भरेल. तो झरा म्हणजे आतील धन प्रभार. त्याच्याभोवती कल्पिलेल्या गोलाची त्रिज्या दुप्पट केल्यास क्षेत्रफळ चौपट होते आणि क्षेत्राची तीव्रता एक चतुर्थांश. गुणाकार तोच राहतो. गाऊसच्या नियमाचे मर्म येथे आहे.

मात्र उपमेची मर्यादा त्याच तासाला सांगणे आवश्यक आहे. पाणी खरोखर वाहते; विद्युत क्षेत्र वाहत नाही. तसेच एकूण फ्लक्स केवळ आतील प्रभारावर अवलंबून असला, तरी पृष्ठभागावरील क्षेत्र आतील व बाहेरील सर्व प्रभारांमुळे निर्माण होते.

निष्कर्ष
दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला ग्रामीण विद्यार्थी अकरावीत एकाएकी इंग्रजी परिभाषेला सामोरा जातो. ‘फ्लक्स’ हा त्याच्यासाठी केवळ ध्वनी ठरतो आणि सूत्र पाठ करण्यावाचून त्याला पर्याय उरत नाही. हा शब्द कोठून आला आणि त्याच्या निर्मात्यांनी कोणती सावधगिरी बाळगली, हे सांगण्यास वर्गातील दहा मिनिटे पुरतात. संकल्पनेचा इतिहास हा अभ्यासक्रमावरील भार नसून आकलनाचे साधन आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.