उमाजी नाईक : दरोडा, चाकरी आणि बंड

पुरंदरच्या पायथ्याशी भिवडी गावी १७९१ मध्ये जन्मलेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेलेले उमाजी नाईक इंग्रजी कागदपत्रांत दरोडेखोर ठरले आणि पुढे जयंत्यांच्या फलकांवर आद्यक्रांतिकारक झाले. मात्र त्यांचा लढा कोणत्या हक्कातून उभा राहिला, याचा उलगडा या दोन्ही बिरुदांतून होत नाही.

उमाजी रामोशी समाजातले होते, आणि मराठा राज्यात गावाची व गडाची राखण रामोशांकडे असे. या कामाबद्दल मिळणारे धान्य, पैसा किंवा जमीन म्हणजे रखवालीचा हक्क. चोरी झाल्यास माग काढण्याची, आणि माग न लागल्यास नुकसान भरून देण्याची जबाबदारीही रामोशावरच येई. पुरंदरच्या रामोशांच्या हक्कांवर दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच गदा आली होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, गडांवरची शिबंदी, म्हणजे बंदोबस्तासाठी पगारावर ठेवलेली माणसे, मोडण्यात आली, आणि ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राखण होती त्यांच्यावरच पाळत ठेवण्याची वेळ ईस्ट इंडिया कंपनीच्या नव्या सरकारवर आली.

हक्क गेलेल्या रामोशांचे उमाजींच्या नेतृत्वाखाली १८२६ पासून वाढत गेलेले बंड मोडता येईना, तेव्हा १८२८ मध्ये कंपनी सरकारने उमाजींना माफी दिली, पगार व जमीन देऊन पुरंदर भागाच्या बंदोबस्ताचे कामही सोपवले. गौरवपर चरित्रांत ही चाकरी अनेकदा घाईने उरकली जाते, जणू ती डाग असावी. वस्तुतः बंडाचे मर्म तिच्यातच सापडते, कारण उमाजींनी त्या काळात स्वतःच्या अधिकारात गावांकडून वसुली सुरू केली, म्हणजेच सरकारने नेमलेला चाकर न राहता ते हक्काचा धनी म्हणून वागू लागले, आणि सरकारला नेमके तेच खपले नाही. पुन्हा बंड पेटल्यावर १६ फेब्रुवारी १८३१ च्या जाहीरनाम्यात त्यांनी गोऱ्यांना मारण्याचे, त्यांची नोकरी सोडण्याचे, खजिने लुटण्याचे आणि इंग्रजांना सारा न देण्याचे आवाहन केले. हुकूम मोडणाऱ्यांना त्यात धमकीही होती, आणि ती गाळून जाहीरनामा उद्धृत करणे हा वाचकावर अन्याय आहे. गावकऱ्याने ही धमकी कशी ऐकली असेल, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

या घटनांची मुख्य हकिगत कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांनी लिहिलेल्या, १८३३ मध्ये छापलेल्या रामोशांवरील ग्रंथातून येते. बंडखोरांचा पाठलाग करणाऱ्या लष्करातीलच अधिकाऱ्याचा हा ग्रंथ असल्याने त्यातील दूषणे पुरावा म्हणून स्वीकारता येत नाहीत. तरीही तो फेकून देता येत नाही, कारण कैदेतल्या उमाजींना बोलते करून मिळवलेली माहिती त्यात आहे, आणि पकडणाऱ्याच्या लेखणीतून आलेले असले तरी पकडलेल्याचे बोलणे त्यात अधूनमधून ऐकू येते. पुढच्या गॅझेटियरनी मात्र बहुधा दूषणेच उचलली.

कोणाचा शब्द कागदावर उरतो, याने पडणारा भेद १८७९ मध्ये पुन्हा दिसतो. वासुदेव बळवंत फडके यांच्या इंग्रजांविरुद्धच्या बंडाचे बळ मोठ्या प्रमाणात रामोशांवर उभे होते आणि रामोशांचे पुढारी दौलतराव नाईक त्यात लढताना पडले. परंतु फडके यांनी आत्मचरित्र व रोजनिशी लिहिली, ती खटल्यात त्यांच्याविरुद्ध वापरली गेली आणि नंतर त्यांच्या कीर्तीचा आधार झाली, तर दौलतरावांमागे असा स्वहस्ताचा कागद नव्हता. त्यामुळे उमाजींची नोंद करणाऱ्या अभ्यासकाने मॅकिंटॉशपाशी न थांबता पुण्याच्या पुराभिलेखागारातील मोडी दप्तरांकडे वळले पाहिजे, आणि पुरंदर भागातील गावांच्या जमाखर्चांत रामोशाच्या नावावर काय पडत होते व ते केव्हा बंद झाले, हे गावागणिक तपासले पाहिजे.