पडले ते दान आणि मलिक अंबर

१९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात पात्राचे बळ, बुद्धी, चपळाई असे ६ गुण तीन-तीन फासे टाकून ठरत. सगळीच दाने चांगली पडत नाहीत. म्हणून नवे पात्र एका कामात तरबेज करावे, बाकीचे सोबत्यांवर सोपवावे.

आमच्या नगरच्या इतिहासात असा गडी म्हणजे मलिक अंबर. हबशी गुलाम, ना घराणे, ना वतन. पण तो कारभार शिकला, मुलूख ओळखला, मराठा घोडदळ जोडले. १६२४ साली भातवडीला तलावाचा बांध फोडून त्याने मोगल-आदिलशाही छावणीत चिखल केला आणि लढाई जिंकली. शहाजीराजे तेव्हा त्याच्याच बाजूने लढले.

मुलांनो, दान कमी पडले म्हणून खट्टू होऊ नका. आपले एक बळ ओळखा, सोबती चांगले निवडा.