मराठा लाइट इन्फन्ट्री : आफ्रिकेतील मोहिमा

मुंबई इलाख्याच्या सैन्यातून घडलेली पायदळ पलटण. तिची सर्वांत जुनी तुकडी, ‘जंगी पलटण’, १७६८ साली उभी राहिली. पुढे ती मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीची तिसरी रेजिमेंट, १९०३ मध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि १९२२ मध्ये ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली. तिच्या आफ्रिकेतील कामगिरीची नोंद सहसा रणसन्मानांच्या यादीवर आटोपते. पण कोण लढले याइतकेच पैसा कोणाच्या तिजोरीतून गेला हे विचारल्याशिवाय हा इतिहास कळत नाही. १८६८ ची अ‍ॅबिसिनिया मोहीम त्याचा उघड पुरावा आहे. सम्राट थिओडोरने ब्रिटिश वकील व इतर युरोपियनांना डांबून ठेवले, म्हणून मुंबईचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर सुमारे १३,००० सैनिक, ४४ हत्ती आणि रेल्वेचे रूळ घेऊन झुलाच्या किनाऱ्यावर उतरले. १३ एप्रिलला मग्दला पडले आणि थिओडोरने आत्महत्या केली. जंगी पलटणीला ‘अ‍ॅबिसिनिया’ हा रणसन्मान मिळाला. भांडण ब्रिटिश सरकारचे असूनही मोहिमेवरील हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या महसुलातूनच देण्याचे संसदेने १८६७ च्या नोव्हेंबरात ठरवले होते. दादाभाई नवरोजींनी त्याच महिन्यात या खर्चावर निबंध वाचून विरोध केला. यावर आक्षेप असा घेतला जाई की शिपाई घरी असता तरी पगार द्यावाच लागला असता, मग हिंदुस्थानचे गेले काय? वरवर पाहता हे बिनतोड वाटते. पण ज्या पलटणींवाचून देश महिनोन्‌महिने निभावतो, त्या देशाच्या संरक्षणासाठी अत्यावश्यक होत्या असे मग म्हणता येत नाही. आणि अत्यावश्यक असतील, तर त्यांच्या गैरहजेरीचा धोका रयतेनेच पत्करला. दोन्ही बाजूंनी हिशेब इंग्लंडच्याच नावे निघतो.

दुसऱ्या महायुद्धात हा हिशेब पालटला. १९३९-४० च्या करारानुसार परदेशी पाठवलेल्या हिंदी फौजांसाठी हिंदुस्थानने एकरकमी १ कोटी रुपये द्यायचे आणि बाकीचा बहुतेक भार ब्रिटनने उचलायचा असे ठरले. त्याच काळात इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत डेनिस रीड यांच्या तिसऱ्या बटालियनने मार्च १९४१ मध्ये ‘पिनॅकल’ टेकडी घेतली. २७ मार्चला केरेन पडले. दुसरी बटालियन २१ जून १९४२ रोजी तोब्रुकच्या शरणागतीत शत्रूच्या हाती सापडली. म्हणजे दादाभाईंचा मुद्दा अखेर मान्य झाला, असे म्हणावे का? अर्धाच. ब्रिटनने दिलेला पैसा लंडनमध्ये स्टर्लिंग शिलकीच्या रूपात अडकून पडला, आणि केरेनचा चढ चढणाऱ्या शिपायाचा पगार शेजारच्या गोऱ्या सैनिकापेक्षा कमीच राहिला.