वैनगंगेचा पूर आणि लोखंडी दाताळे

वैनगंगेचा पहिला पूर ज्याने बालाघाटच्या काठावरून पाहिला आहे, त्याला नदी केवळ पाणीच वाहून नेत नाही हे सांगावे लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी झडलेली साल-सागाची पाने, बांबू, मुळासकट उपटलेली झुडपे, हे सारे आषाढात एकदम खाली येते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या भाताच्या मुलखाची दैना केली. पुढे १९०१ साली सिंचन आयोग नेमला गेला आणि मध्यप्रांतात दुष्काळनिवारक कामांना गती आली. वैनगंगेवरील ढुटीचा बंधारा व त्याचे कालवे त्याच काळातले. कालवा तसा उदार असतो. चार ओंडके आत शिरले तरी तो ते कोठल्यातरी वळणावर टाकून देतो. पंपाचे व टर्बाइनचे तसे नाही. पात्यांत एक बांबू अडकला की सारे ठप्प! म्हणून पाणी आत घेण्याच्या जागी लोखंडी गजांची तिरपी जाळी बसवितात. पण जाळी कचरा अडविते, म्हणजेच स्वतः तुंबते. मग बाहेर पाणी चढते, आत उतरते, आणि हा फरक एक मीटर झाला की गजांवर दर चौरस मीटरला सुमारे एक टन भार पडतो.

युरोपातील पाणचक्क्यांपासून यावर उपाय एकच होता: लांब दांड्याचे दाताळे आणि ते ओढणारा माणूस. भर पावसात, रात्री-अपरात्री, निसरड्या फळीवर उभा राहून तो पाचोळा वर ओढी. खालचे पाणी त्यालाच आत ओढू पाही. धरणांच्या इतिहासात अभियंत्यांची नावे आढळतात, या माणसाचे मात्र आढळत नाही.

खोपोलीला १९१५ साली आणि कोयनेला १९६२ साली वीज निर्माण होऊ लागली. मोठ्या जलाशयातून पाणी खोलवरून घेता येते, त्यामुळे तरंगता कचरा तेथे कमी छळतो. वाहत्या नदीच्या काठावरील उपसाघराला ही सवलत नाही. तेथेच यांत्रिक दाताळ्याचे खरे मोल कळते. मोटरीवर फिरणाऱ्या साखळीला दातेरी पट्ट्या जोडलेल्या असतात. त्या गजांच्या फटींतून वर सरकतात आणि माथ्यावरील पन्हळीत कचरा ओततात. जाळीच्या दोन्ही अंगांच्या पातळीत ठराविक फरक पडला की यंत्र आपोआप सुरू होते.

अलीकडे पाचोळ्यात जलपर्णी व प्लॅस्टिकची भर पडली आहे. जलपर्णीच्या मुळ्या दात्यांना गुंडाळून बसतात. आणि एखादा बांबू आडवा होऊन साखळीच अडली, की रखवालदार आजही कोपऱ्यातले जुने लांब दांड्याचे दाताळे उचलतो.